विषय: गोधडी – उद्या मेन रोडला जातेय, कापड किती आणि कुठलं?

प्रेषक: सिडकोवाली

मंडळी,

मी नाशिकला आलेय आणि उद्या सकाळी आईबरोबर इथल्या मेन रोडला जातेय, म्हणून ही घाई. बेबीताईंनी मंडळाच्या गोधडीत (वीस जणींचा एकेक चौकोन जोडून करायची ती) माझं नाव घातलंय. तक्त्यात "प्रत्येकी दोन फॅट क्वार्टर रंगीत, पाया सामाईक" एवढंच आहे. इथला दुकानदार फॅट क्वार्टर म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघेल. मीटरमध्ये किती सांगू? आणि सुती म्हणजे नक्की कुठलं? पॉपलीन, कॅम्ब्रिक, की ब्लाउजचं रुबिया? शिवणात माझी मजल बटण लावण्यापर्यंतच. सामाईक पाया मी घ्यायचाय का? असेल तर आजच सांगा, इथे आता रात्र होईल.

प्रेषक: बेबीताई

तक्ता मी दिवाळीतच पाठवला होता. असो. फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा. अर्धा मीटर घे आणि पन्ह्यात मधोमध काप, दोन तुकडे निघतील.

पाया, म्हणजे रंगीत तुकड्यांबरोबरचं पांढरं कापड, मी इथूनच घेणार आहे, एकाच थानातला. गेल्या वेळी पडद्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दुकानांतला पांढरा कधी जुळत नाही. त्यामुळे पायाला कुणी हात लावू नये, ही विनंती.

प्रेषक: नंदावहिनी

> अर्धा मीटर घे आणि पन्ह्यात मधोमध काप

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तरच. अर्धा मीटर म्हणजे साधारण पावणेवीस इंच, म्हणून ४४ पन्ह्यात २२ बाय पावणेवीस निघतं, भरपूर झालं. पण आपल्याकडे ३६ पन्ह्याचं कापडही खूप असतं. त्यात मधोमध कापलंस तर हातात १८ बाय पावणेवीस, म्हणजे २२ ची बाजू गेली. ३६ असेल तर ६० सेंटिमीटर मागायचं. तेव्हा आधी पन्हा विचारायचा, मग भाव. आणि ५८ पन्ह्याचं दाखवायला लागले तर ते बहुतेक शर्टिंग असतं, नीट बघून घे.

रुबिया नको, फार पातळ. शिवणीची आतली बाजू वरून दिसते. कॅम्ब्रिक उत्तम, पॉपलीन चालेल. "प्युअर कॉटन आहे ताई" यावर विश्वास ठेवू नकोस. कडेचा एक धागा ओढून घरी जाळून बघ. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. टेरिकॉट वितळून टोकाला कडक मणी होतो. तसं कापड इस्त्रीखाली घडी धरत नाही.

प्रेषक: माई

तुम्ही पन्ह्यावर एवढं लिहिलंत, पण कापड धुवायचं कुणी सांगितलंच नाही. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, शंभरात तीन-चार तरी. वहिनींचं ३६ पन्ह्यातलं १८ धुतल्यावर १८ राहणार नाही. काठाची किनार कापली की आणखी कमी. म्हणून ३६ पन्हा घेऊच नये असं मी म्हणेन.

आमच्या सासूबाई पंचवटीत दर थंडीला गोधडी घालायच्या, पण त्यात जुनी लुगडी आणि धोतरं. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आपटून आपटून जे काही आटायचं ते आधीच आटलेलं, रंग जायचा तोही गेलेला. त्यांना कुठे धुवून घ्यावं लागत होतं? आपण कोरं घेतो म्हणून ही कटकट.

मुली, घरी आणलंस की कोमट पाणी, थोडी साबणपूड, रंगागणिक वेगळी बादली. सावलीत वाळव आणि ओलसर असतानाच इस्त्री कर.

प्रेषक: अण्णा

माई म्हणतात ते बरोबर. रंग पक्का करायला मूठभर मीठ आणि तुरटी टाकली की काम झालं, आमच्या आईची पद्धत.

दुसरं, सिडकोवाली बाई येताना बॅगेत थोडी जागा ठेवतील काय? चिवडा. जास्त नाही, दोन किलो. कुठला ते त्यांना माहीत आहे.

प्रेषक: नंदावहिनी

> मूठभर मीठ आणि तुरटी टाकली की काम झालं

अण्णा, काम होत नाही. तुरटीचा उपयोग मंजिष्ठा, हळद अशा झाडपाल्याच्या रंगांना, आणि तोही सहसा रंगवण्याच्या आधी. बाजारातल्या आजच्या छपाईत जो जादा रंग धाग्यावर नुसता बसलेला असतो, तो मिठाने पक्का होत नाही. धुवून काढावाच लागतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, आणि तरी येतच राहिलं तर ते कापड गोधडीत घालायचं नाही. त्याची पिशवी शिवा.

प्रेषक: बेबीताई

मी धुवायच्या विरोधात आहे, आणि याला कारण आहे. नव्या कापडाला कांजी असते, त्यामुळे ते ताठ राहतं. नवशिक्याला चौकोन सरळ कापायला तेच बरं. धुतलं की लुळं पडतं, कडांचे धागे सुटतात, साडेतीन इंचांचा चौरस तुकडा कापता कापता समोसा होतो. इकडे मी ज्या गटात शिकले तिथे कुणी धुवत नाही. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात जी सुरकुती येते ती तर त्यांना हवीच असते.

प्रेषक: माई

इकडच्यांचं इकडे. त्यांचं कापड एकाच दुकानातलं, एकाच जातीचं, सगळंच सारखं आटतं. आपल्या वीस जणींचे वीस चौकोन, निम्मं कापड नाशिकचं, निम्मं इथलं. अर्ध्यांनी धुतलं आणि अर्ध्यांनी नाही, तर पहिल्या धुण्यात एक चौकोन ओढला जाईल आणि शेजारचा फुगेल. एक तर सगळ्यांनी धुवा, नाही तर कुणीच नको. पण नाशिकच्या लाल कापडाशेजारी बेबीताईंचा पांढरा पाया आहे, हे लक्षात घ्या.

लुळं पडतं त्यावर उपाय आहे. साबुदाण्याची नाही तर तांदळाची पातळ खळ करून इस्त्रीच्या वेळी शिंपडा, कोऱ्याहून ताठ होतं.

प्रेषक: चिटणीस

सर्वांना विनंती, चिवड्याची मागणी अण्णांना व्यक्तिगत कळवावी. माझ्याकडे आतापर्यंत सहा जणांचे निरोप आले आहेत. बॅग एकच आहे आणि तिला २३ किलोची मर्यादा आहे. गोधडीचा खर्च मंडळाच्या खात्यातून होणार की वर्गणीतून, हे बैठकीत ठरलेलं नाही. बिलं जपून ठेवावीत.

प्रेषक: सिडकोवाली

जाऊन आले. शालिमारला रिक्षा सोडली, मेन रोडवरून रविवार कारंज्यापर्यंत चालत. चौथ्या दुकानात मनासारखं कॅम्ब्रिक मिळालं, ४४ पन्हा. त्यांनी अर्ध्या मीटरला नाक मुरडलं, पण आईने ब्लाउजपीसही घेतले म्हणून कापून दिलं. हळदी रंगावर बारीक बुट्टी, गडद निळं, आणि एक लाल.

वहिनींचं ऐकून तिन्हींचे कोपरे मगात भिजत घातले, प्रत्येकाबरोबर पांढऱ्या रुमालाची चिंधी. हळदी कापडाचं पाणी जसंच्या तसं. निळ्याचं पहिलं पाणी निळसर, तिसरं स्वच्छ. लाल कापडाबरोबरची चिंधी गुलाबी झाली आणि पाचव्या पाण्यालाही थांबेना. ते बाद, आई त्याची पिशवी शिवतेय.

आता दोन प्रश्न. तक्त्यात "शिवण पाव इंच" लिहिलंय, पाव इंच मोजायचं कसं? आईच्या मशीनवर खूण नाही. आणि तळाचं अस्तर कोण आणणार?

प्रेषक: माई

पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरला जरा जास्त. सुई हाताने खाली आण, तिच्या उजवीकडे पट्टीने सव्वासहा मिलिमीटर मोज आणि तिथे पत्र्यावर चिकटपट्टी लाव. कापडाची कड चिकटपट्टीला लावून चालव. सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या दाबाच्या कडेवर भरवसा नको, प्रत्येक मशीनचा वेगळा.

हे एवढ्यासाठी की चौकोनात चार तुकडे ओळीने, तीन शिवणी. साडेतीन इंचांचे चार म्हणजे १४, प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव, असा दीड गेला की साडेबारा उरतात. प्रत्येक शिवण दोराभर जरी रुंद झाली तरी ओळ पाव-अर्धा इंच आखूड होते, आणि मग बेबीताईंना जोडताना तुझा चौकोन ताणावा लागेल. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर शिवून मोज.

प्रेषक: नंदावहिनी

अस्तर नाशिकहूनच आणावं. जोडल्यावर एकेक चौकोन १२ इंचांचा, असे वीस, चार बाय पाच, म्हणजे ४८ बाय ६०. भोवती चार-चार इंच सोडून ५६ बाय ६८ लागेल. मांजरपाट ३६ पन्ह्याचा असेल तर दोन लांब्या जोडायच्या, साडेतीन मीटर. आटणार म्हणून चार घे. पलंगपोसाचं घट्ट विणीचं कापड नको, हाताने धावदोरा घालताना सुई जात नाही, बोटं दुखतात. जुनी सहावारी सुती साडी असेल तर सगळ्यात छान, पण ती कोण देणार?

प्रेषक: बेबीताई

> एक तर सगळ्यांनी धुवा, नाही तर कुणीच नको

ठीक आहे, सगळ्यांनी धुवायचं. मग वेळापत्रक एक आठवडा पुढे जातंय, ते मी सुधारून पाठवते. पायाचं कापडही मी धुऊनच वाटीन, प्रत्येकीला साडेतीन इंचांचे आठ तुकडे कापून. कुणी आपापला पांढरा आणू नये. अस्तर माझ्या तक्त्यात नव्हतं, पण वहिनींचा हिशोब बरोबर आहे.

प्रेषक: अण्णा

साडी आमच्याकडे आहे, हिच्या आईची. विचारून सांगतो.

प्रेषक: सिडकोवाली

अण्णा, आज रात्रीपर्यंत कळवा. नाही तर उद्या सकाळी मांजरपाट घेते आणि तेवढ्या वजनाचा चिवडा कमी आणते. चिटणीस, बिल कुणाच्या नावाने करू?