मंडईच्या आरक्षित जागेवर सुपरमार्केट: सही करायची की नाही?

वेशीजवळचा:
आमचं तालुक्याचं गाव. बसस्टँडमागचा मोकळा प्लॉट विकास आराखड्यात मंडईसाठी राखीव आहे, मंगळवारचा बाजार तिथंच भरतो. तिथं एका मोठ्या साखळीचं सुपरमार्केट यायचं घाटतंय. आरक्षण बदलायची नोटीस पेपरात आली. आम्ही सह्या गोळा करतोय, चारशेच्या वर झाल्या. बाजारात बसणाऱ्या बायकांनी कुठं जायचं? पेठेतल्या किराणा दुकानांचं काय? रविवारी गाड्यांची रांग लागली की त्या रस्त्यानं चालायचं कसं? परदेशी कंपन्यांच्या घशात गाव घालणार का आपण?

फोडणी:
मी सही करणार नाही. पेठेत एमआरपीच्या खाली एक रुपया कधी सुटलाय? तूरडाळ आणली की खडे आपण वेचायचे, पाकिटावरची तारीख विचारली की "ताई, कालच आलंय". सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेटं ठेवायची, आणि पोरांच्या दातांचा खर्च आम्ही करायचा. म्हणून महिन्याचं सामान भरायला आम्ही चाळीस किलोमीटरवर जिल्ह्याला जातो. सह्या करणारे निम्मे लोक मला तिथं बिलाच्या रांगेत दिसतात. दिवाळीआधी तुम्हीही दिसला होतात.

वेशीजवळचा:
दिसलो असेन. तेलाचे डबे घ्यायला गेलो होतो.

गल्ल्यावरून:
पेठेत माझं दुकान आहे, तिसरी पिढी. चॉकलेटांचं मान्य, तरी यूपीआय आल्यापासून तेही संपलं. भावाचं ऐका. साखळीवाला कंपनीकडून ट्रकनं माल उचलतो, मला डिस्ट्रिब्युटर देईल त्या मार्जिनात भाडं, वीज, पोराचा पगार सगळं बसवायचं. काही साबण मला ज्या भावात पडतात, त्याच्या खाली तिथं विकले जातात. खोटं कशाला बोलू, ऑफरचा माल मी स्वतः तिथून आणून दुकानात लावलाय. पण पेरणीला पैसे गेले की सोयाबीन विकेपर्यंत निम्मं गाव माझ्या वहीत असतं. व्याज घेत नाही. सुपरमार्केटात वही दाखवून बघा.

फोडणी:
व्याज घेत नाही, पण उधारीवाल्याला रोखीचा भाव देता का?

गल्ल्यावरून:
नाही देत.

आराखडा:
तुम्ही दोन भांडणं एकात कालवली आहेत. परदेशी कंपनीचं आधी सोडा. 2012 मध्ये केंद्रानं अशा दुकानांत 51 टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणुकीला वाट दिली, ती मुख्यतः 10 लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. तुमच्याकडे येणारी साखळी देशी असेल तर तो मुद्दा लागतच नाही. 2007 मध्ये रांचीत भाजीवाले चालून गेले, ते देशी साखळीच्याच दुकानांवर.

आता हरकतीचं. दुकानदाराचा धंदा बुडेल असं लिहून फार काही हाती लागणार नाही, नगररचना कायदा स्पर्धा थांबवायला नाही. मुद्दा जागेचा. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा 1966, कलम 37: नोटीस निघाल्यावर महिनाभरात हरकती, मग सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. चारशे सह्यांचा एक गठ्ठा नेलात तर ती एकच हरकत म्हणून बाजूला पडू शकते. निरनिराळे अर्ज द्या, आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या.

आणि जागा खासगी आहे का ते बघा. आराखड्याला 10 वर्षं होऊनही पालिकेनं ती घेतली नसेल, तर मालक कलम 127 खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिका हलली नाही की आरक्षण उठलं. म्हणजे हा बदल तुम्ही हाणून पाडलात तरी मालकाच्या हातात हुकमाचा पत्ता असू शकतो. जागा विकत घ्यायला पालिकेकडे पैसे आहेत का, हे कुणी विचारलंय?

नॉरफोकहून:
आमच्या इथलं, इंग्लंडातलं शेरिंगहॅम हे समुद्रकाठचं गाव जेमतेम सात हजार वस्तीचं. टेस्को या इथल्या बड्या साखळीनं तिथं सुपरमार्केटचा घाट घातला 1996 मध्ये, परवानगी मिळाली 2010 मध्ये. चौदा वर्षं गाव भांडलं, आणि दुकान आलंच. गावातही दोन तट होते, कारण मोठ्या खरेदीला शेजारच्या क्रोमरला जावं लागायचं. तरी एक सांगते, इथं मोठं दुकान गावाच्या मध्यात बसेल का हे आधी तपासतात, नाही बसलं तरच बाहेरचा विचार. तुमच्याकडे मध्यातली जागाच बाजाराची आहे, म्हणून तुमचं दुखणं वेगळं.

टोपली:
माझी आई त्या बाजारात बसते. इथं सगळे तिच्या नावानं बोलतायत, तिला कुणी विचारलेलं नाही. काल मी विचारलं. सुपरमार्केटची तिला धास्ती नाही. "फ्रीजमधली मेथी कोण घेतंय," म्हणाली. तिला धास्ती आहे ती "मंडई बांधून देऊ" या शब्दांची. शेजारच्या गावात बांधली, गाळ्यांचे लिलाव झाले, डिपॉझिट भरलं मोबाईलवाल्यांनी, आणि भाजी पुन्हा रस्त्यावर. तिला सावली, पाणी आणि संडास हवा. इतकी वर्षं बाजाराची पावती फाडतेय, त्यातलं एकही मिळालेलं नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के विक्रेते हवेत. आमच्या समितीत कोण आहे, आईला तरी माहीत नाही.

वेशीजवळचा:
आज नगररचना विभागात जाऊन आलो. जागा खासगीच, 127 ची नोटीस गेल्या वर्षी श्रावणात दिलेली. पुढच्या श्रावणात मुदत संपते. अर्ज नव्यानं लिहिलाय. मागणी अशी: पालिकेनं मुदतीत जागा घ्यावी. जमत नसेल तर समावेशक आरक्षणातून (राखीव सोय बांधून पालिकेला द्यायची, बाकीचं बांधकाम मालकाचं) मालकाला बांधू द्यावं आणि तळमजल्याचा बाजार पालिकेच्या ताब्यात घ्यावा. परदेशी कंपनी आणि किराणा, दोन्ही परिच्छेद काढले.

टोपली:
गाळे नाही, ओटे लिहा. आणि लिलाव नको.

फोडणी:
ओट्यांचं लिहिणार असाल तर माझा अर्ज धरा. वर सुपरमार्केट झालं तरी माझी हरकत नाही, तेही लिहा.

गल्ल्यावरून:
मग माझी सही खोडा.