पावलाच्या दुखापतीनंतर रोइंग मशीन: वजन पडत नाही, म्हणून भारही पडत नाही का?

दख्खनवारा (धागाकर्ते)

पावलाचे हाड मोडले की आपल्याकडे रुग्णाला बहुधा एका वाक्याचा सल्ला मिळतो: पाय उशीवर ठेवा आणि आराम करा. सूज असेपर्यंत तो योग्यच आहे. परंतु तोच सल्ला पुढे सहा-आठ आठवडे लांबत जातो, आणि त्याची किंमत पावलाऐवजी हृदय, फुप्फुसे, मांड्या आणि पाठ यांना मोजावी लागते, याकडे कोणी लक्ष देत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या रुग्णाला वॉकर बूट (पाऊल वाकू न देणारा संरक्षक बूट) घालून चालायची परवानगी मिळाली आहे, त्याला रोइंग मशीनवर (सरकत्या सीटवर बसून, पायांनी रेटा देत हँडल ओढायचे, वल्हवण्यासारखे यंत्र) हलका व्यायाम करण्याची परवानगीही मिळायला हवी, आणि डॉक्टरांनी ती आपणहून द्यायला हवी.

माझी दुखापत पावलाच्या बाहेरच्या कडेला जे हाड हाताला लागते त्या पाचव्या मेटाटार्सलच्या (बोटांमागच्या पाच लांब हाडांपैकी शेवटच्या) बुडाशी आहे. जिना उतरताना पाऊल आत वळले आणि कंडरेने हाडाचा छोटा टवका ओढून काढला. हा प्रकार सहसा शस्त्रक्रियेविना जुळतो आणि मलाही बूट घालून चालायला सांगण्यात आले. व्यायामाविषयी विचारल्यावर मात्र "सध्या काहीच नको" यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

काहीच न करण्याचे परिणाम किरकोळ नसतात. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी भरली.

आता भाराचा हिशेब पाहू. सत्तर किलोचा माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलावर क्षणभर का होईना, सगळे सत्तर किलो, किंबहुना थोडे अधिकच पडतात. रोइंग मशीनवर शरीराचे वजन सीटवर असते. मॉनिटरवर ५०० मीटरला अडीच मिनिटे अशी गती दिसत असेल, तर ती साधारण १०० वॅटची मेहनत होय. मिनिटाला २५ स्ट्रोक, म्हणजे हँडलच्या २५ ओढी, धरल्या, तर एका स्ट्रोकला सुमारे २४० जूल लागतात. हँडलची ओढ सव्वा मीटर मानली, तर सरासरी जोर जेमतेम वीस किलोचा येतो आणि तोही दोन पावलांत विभागला जातो. चालणे चालते आणि हे चालत नाही, यामागचे कारण मला कोणी समजावून सांगावे.

फिजिओ_ठाणे

आपला हिशेब सरासरीचा आहे, आणि हाडाला सरासरी भोगावी लागत नाही. स्ट्रोकच्या सुरुवातीच्या भागात जोर एकदम चढतो आणि त्याचा उच्चांक सरासरीपेक्षा बराच वर असतो. शिवाय मशीन जमिनीवर स्थिर असल्याने प्रत्येक स्ट्रोकला स्वतःचे सगळे धड मागे ढकलण्याचा जोर पावलांनाच लावावा लागतो. हँडलच्या आकड्यात तो धरलेला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा जोर पावलाच्या कोणत्या भागावर येतो. चालताना टाच आधी टेकते आणि भार टाचेकडून चवड्याकडे सरकतो. मशीनवर सीट पुढे आणून गुडघे पूर्ण दुमडले की बहुतेकांची टाच, पाऊल टेकवायच्या पायपट्टीवरून, उचलली जाते, बोटे मागे वाकतात आणि पहिला रेटा केवळ चवड्यावर येतो. आपल्या हाडाच्या ज्या टोकाचा टवका निघाला आहे, तिथेच पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू कंडरेने जोडलेला असतो, आणि चवड्याने रेटा देताना पाऊल स्थिर ठेवण्यासाठी तोच ताणला जातो. म्हणजे जी ओढ पडू नये म्हणून बूट दिला, तीच ओढ आपण स्ट्रोकागणिक त्या जागी देणार.

डॅलसच्या प्रयोगाविषयीही एक आक्षेप आहे. ती माणसे पूर्ण वेळ अंथरुणावर होती. कुबड्या घेऊन घरभर फिरणारा, कार्यालयात जाणारा रुग्ण तितका खचत नाही.

आणखी एक धोका असा की, हा धागा वाचून कोणी आपली दुखापत याच प्रकारातली समजेल. त्याच हाडावर, टवक्याच्या जागेपासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर पुढे झालेले फ्रॅक्चर हे निराळेच प्रकरण असते. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदांचे स्वतःचे पाऊल नाचताना असे मोडले. १९०२ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने हाड रेंगाळत जुळते, कधी जुळतच नाही. अशा रुग्णाला कित्येक आठवडे पाय टेकवूही देत नाहीत, किंवा आत स्क्रू घालतात. त्याच्यासाठी वीस किलो हा आकडा लहान नाही.

मुळाकाठ

महाविद्यालयात असताना पुण्यात संगमाजवळ मुळेच्या पात्रात मी वल्ही मारली आहेत आणि पावसाळ्यात नदी बंद झाली की मशीनवर सराव केला आहे. फिजिओ_ठाणे यांनी टाच उचलली जाण्याचे जे वर्णन केले आहे ते अगदी बरोबर आहे. परंतु ते पूर्ण लांबीच्या स्ट्रोकचे वर्णन आहे, आणि दुखऱ्या पावलाने पूर्ण लांबीचा स्ट्रोक मारावा असे कोणीही जाणता प्रशिक्षक सांगणार नाही.

सीट अर्ध्यावरच थांबवली, म्हणजे गुडघे काटकोनापेक्षा जास्त दुमडू दिले नाहीत, तर टाच पायपट्टीला टेकलेलीच राहते. मग रेटा टाचेने द्यायचा. दुसरी गोष्ट पाऊल पायपट्टीला बांधणाऱ्या पट्ट्याची. हा पट्टा पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून, म्हणजे नेमका मेटाटार्सलच्या टोकांवरून जातो. नवशिके तो करकचून आवळतात आणि परत पुढे येताना बोटांनी पट्ट्यात अडकून शरीर ओढून घेतात. या ओढीमुळे पावलाच्या वरच्या बाजूला चांगलाच दाब पडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मेटाटार्सलला ताणाची चीर पडलेल्या माणसाला ते सोसणार नाही. त्यावर उपाय जुनाच आहे: दोन्ही पट्टे सोडून वल्हवणे. वल्हेकरी तंत्र सुधारण्यासाठी हा सराव नेहमी करतात. पट्टा नसला की पाय आपोआप अतिरेकी जोर देत नाहीत आणि परतीचा वेगही मंदावतो, कारण घाई केली की तोल जातो.

एका गैरसमजाविषयी मात्र इशारा द्यावासा वाटतो. ज्या मशीनमध्ये पंखा फिरवून ओढीला विरोध मिळतो, तिला बाजूला १ ते १० आकड्यांचा जो डँपर असतो तो १ वर ठेवला म्हणजे भार आपोआप कमी झाला, असे अनेक जण मानतात. डँपर फक्त पंख्यात किती हवा शिरेल ते ठरवतो. जोर किती लागेल हे ओढणारा किती ओढतो त्यावर ठरते. तसेच जिममध्ये "सावकाश, पण दमदार" अशी जी सूचना मिळते ती या रुग्णांना उलट बाधेल. तेच १०० वॅट २५ ऐवजी २० स्ट्रोकमध्ये काढायचे ठरवले, तर एका स्ट्रोकला २४० ऐवजी ३०० जूल द्यावे लागतात. दुखऱ्या पावलासाठी आखूड, हलके आणि थोडे जलद स्ट्रोक बरे.

रानजाई

मग एकाच पायाने का करू नये? चांगला पाय पायपट्टीवर आणि दुखरा पाय बाजूला चाकांच्या फळीवर ठेवून, तो सीटबरोबर पुढे-मागे सरकू द्यायचा, अशी पद्धत वल्हेकऱ्यांमध्ये रूढ आहे. माझ्या भावाने घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आपल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, असाच व्यायाम केला. एका बाजूला दिलेल्या व्यायामाने दुसऱ्या बाजूचे बळही काही अंशी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच दिसून आले होते. पाय टेकवायला सक्त मनाई असणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो.

फिजिओ_ठाणे

रानजाई, देखरेख होती हा शब्द आपल्या प्रतिसादात सर्वांत महत्त्वाचा आहे. एका पायाने रेटा दिला की कटी त्या बाजूला वळते आणि कण्याला पीळ पडतो. वल्हेकऱ्यांच्या दुखापतींत कंबरेची दुखापत आधीच आघाडीवर आहे. आठवडे-आठवडे न हललेल्या माणसाने हा प्रयोग घरी एकट्याने करणे मला मान्य नाही. ज्याला पाय टेकवायचा नाही, त्याने बसून हातांनी चालवायचे सायकल यंत्र वापरावे. हृदयाला व्यायाम मिळतो आणि पाऊल यातून पूर्णपणे बाहेर राहते.

मुळाकाठ यांनी सुचवलेले बदल चांगले आहेत आणि हाड जुळत आल्यावर मी स्वतः रुग्णांना ते देईन. तरीही धागाकर्त्यांच्या मूळ युक्तिवादात एक मोठी फट उरतेच. चालण्याची परवानगी बूट घालून दिलेली आहे. त्या बुटाचा तळ जाड, ताठ आणि खालून बाकदार असतो, म्हणूनच चालताना चवडा वाकत नाही. असा बूट मशीनच्या पायपट्टीवर नीट बसत नाही. त्यामुळे रुग्ण तो काढून साधे बूट घालतो आणि मगच वल्हवायला बसतो. चालताना सत्तर किलो पडतात ते संरक्षणासह, आणि मशीनवर वीस पडतात ते संरक्षणाविना. या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

उत्तरायण

मला वेगळ्याच रुग्णांची काळजी वाटते. या धाग्यावरच्या सगळ्या सूचना शेवटी "दुखले तर थांबा" या नियमावर उभ्या आहेत. ज्यांना जुना मधुमेह आहे आणि पावलांची संवेदना गेली आहे, त्यांना दुखतच नाही. माझ्या वडिलांच्या पावलाला फोड येऊन तो फुटला, तरी मोज्यावरचा डाग दिसेपर्यंत त्यांना कळले नव्हते. अशा माणसाचे हाड मोडलेले असताना पाऊल सुजले, गरम आणि लाल झाले, तर आतली हाडे ढासळत असण्याची शक्यता असते आणि त्या वेळी पावलावरचा प्रत्येक भार घातक ठरतो. आपल्या गृहसंकुलांच्या व्यायामशाळांत मशीन आहे, पण शेजारी जाणकार कोणी नसतो. तिथे साठीच्या माणसाने "बसून करायचा व्यायाम आहे, याने काय होणार" असे म्हणून बसावे, हे मला भयावह वाटते.

दख्खनवारा

उत्तरायण, पावलांची संवेदना गेलेल्या रुग्णाला माझे म्हणणे लागू नाही, आणि हे या धाग्यात ठळकपणे यायला हवेच होते. आपण ते मांडलेत याबद्दल आभारी आहे.

फिजिओ_ठाणे यांचा बुटाविषयीचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याला उत्तर आहे, पण ते अर्धेच आहे. वॉकर बुटाशिवाय ताठ तळाचे बूटही मिळतात, आणि साध्या बुटात घालायची कार्बनची ताठ पट्टीही मिळते. टवका निघालेल्या फ्रॅक्चरला अनेक डॉक्टर सुरुवातीपासून ताठ तळाचा बूटच देतात. तो पायपट्टीवर बसतो आणि चवडा वाकू देत नाही. ज्यांना असा बूट दिला आहे, त्यांच्या बाबतीत तुलना पुन्हा उभी राहते, आणि टाच टेकवून, पट्टा सोडून, अर्ध्या लांबीचे स्ट्रोक मारण्याला आक्षेप नेमका कोणता, हा माझा प्रश्न कायम आहे.

माझी मागणी मशीनपुरती नाहीच. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचे नाव, मात्रा आणि किती दिवस घ्यायची हे लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर कोणता व्यायाम, कोणत्या बुटात, किती वेळ आणि कोणत्या आठवड्यापासून, या चार गोष्टी लिहून मिळाल्या, तर रुग्णाला व्यायामशाळेत अंदाजाने बसावे लागणार नाही आणि घरी नुसते पडूनही राहावे लागणार नाही.

फिजिओ_ठाणे

चिठ्ठीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आक्षेप कोणता, तर वेळेचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाडाच्या फटीत जे भरून येते ते मऊ असते, ते कठीण व्हायला सहा आठवडे किंवा अधिक लागतात, आणि या मधल्या काळात वेदना मात्र झपाट्याने कमी होते. रुग्णाला बरे वाटू लागते ते नेमके हाड अजून कच्चे असताना. म्हणून पुढचा एक्स-रे पाहिल्याशिवाय मी त्या चिठ्ठीवर मशीनचे नाव लिहिणार नाही, बूट कितीही ताठ असला तरी.