पोर्ट केल्यावर जुनी कंपनी फोनवरची सवलत परत मागून राहिली, द्यायची का?

पैनगंगाकाठचा
नमस्कार मंडळी. झरी-जामणी तालुक्यातून लिहून राहिलो. मागच्या दिवाळीत पांढरकवड्याच्या एका दुकानातून फोन घेतला. किंमत 19,999. दुकानदार म्हणे, या कंपनीचं पोस्टपेड घेतलं तर 4,000 कमी, फक्त 18 महिने 599 वाला प्लान चालवा लागते. फोन 15,999 ले पडला, रोख मोजले, हप्ता-बिप्ता काही नाही. माझा जुनाच नंबर त्या कंपनीत नेला.

दुकानात रेंज फुल. गावात आलो तर एक कांडी, तीही छपरीत उभं राहिलं तरच. वावरात गेलं की नदीपलीकडचा, आदिलाबादकडचा टॉवर धरते अन् नेट नुसतं फिरते. हरभऱ्याची ई-पीक पाहणी केली तर फोटो वर जाता जाईना. बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येते, मग तो काय चाटाचा? सात बिलं बिनबोभाट भरली. मृगाच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं, तिचा टॉवर आमच्या ग्रामपंचायतीच्या मागंच आहे. आता रेंज चांगली आहे, त्याची तक्रार नाही.

तक्रार शेवटच्या बिलाची आहे. भाडं 599, 'हँडसेट बेनिफिट रिकव्हरी' 4,000, अन् दोन्हीवर जीएसटी 828. एकूण 5,427! जी सवलत देली तिच्यावरही जीएसटी. फोनवरची पोरगी म्हणते, नाही भरलं तर नव्या कंपनीतला नंबरही बंद होईल. आधार, बँक, पीएम किसान, सारं या नंबरवर आहे. खरंच बंद करू शकतात का? अन् सात महिने चालवूनही पुरे 4,000 काहून?

संत्रंबर्फी
काही भरू नका भाऊ. सिम फेकलं, विषय संपला. हे लोक नुसते भेव दाखवतात.

मोबाईलवाला पुसद
बर्फी भाऊ, असा सल्ला देऊन दुसऱ्याचा नंबर घालवू नका. पोस्टपेडचं बिल थकवून पोर्ट केलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीले कळवू शकते अन् नंबर बंद पडू शकतो. पोर्टिंगच्या नियमातच ते आहे. माझ्या गिऱ्हाइकाचा तीनशे-साडेतीनशेच्या बाकीपायी बंद पडला होता, सोयाबीनचे पैसे खात्यात आले का तेही त्याले कळेना.

पैनगंगाकाठचे दादा, मी स्वतः अशा ऑफर विकल्या आहेत म्हणून सांगतो. कृषी केंद्रातून बियाणं उधार आणलं की कापूस त्याच्याच काट्यावर न्या लागते, तशी ही सवलत असते. दुकानदार बोलताना 'फक्त' म्हणतो, पण खरी गोष्ट अटीच्या कागदात राहते.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. 1900 वर 'पोर्ट' मेसेज टाकल्यावर तुम्हाले आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा कोड आला ना? 2019 च्या डिसेंबरपासून तो कोड जुन्या कंपनीकडून तपासणी झाल्याशिवाय निघत नाही. निघालेलं बिल भरलं का, नंबर या कंपनीत 90 दिवस झाले का, अन् करारात बाहेर पडायची अट असेल तर ती पाळली का, हे त्यात पाहतात. अट बाकी असेल तर तेव्हाच नाही म्हणता येते. तुम्हाले त्यांनी नाही म्हटलं नाही. मग महिनाभरानं 4,000 कुठून निघाले, हे लेखी विचारा.

वऱ्हाडची ताई
मोबाईलवाले दादांचा मुद्दा चांगला आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. यूपीसी मिळाला म्हणजे देणं माफ झालं असं होत नाही. शिवाय सवलत नेमकी कोणी दिली होती, कंपनीनं की दुकानानं? दुकानानं स्वतःच्या पदरची दिली असेल तर ती रक्कम टेलिकॉम कंपनीच्या बिलात यायचं कारणच नाही. कंपनीनं दिली असेल तर तुमची सही असलेला अटींचा कागद त्यांनी दाखवावा. दादा, तो कागद तुमच्याकडे आहे का? खोक्यात पहा. हे लोक वॉरंटी कार्डासोबत घालून देतात आणि आपण खोकं माळ्यावर टाकतो.

अमरावतीत ग्राहक तक्रारींचं काम करते, म्हणून क्रम सांगते. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक. तो नसेल तर पुढं कोणी उभं करत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील, त्याला फी नाही. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे धावू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मात्र मराठीत बोलता येतं.

कंपनीची माणसं कधी कधी सांगतात की मोबाईलचं भांडण ग्राहक आयोगात चालत नाही. खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्येच ते निकाली काढलंय, चालतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळलाच दाखल करता येईल, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायची गरज नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही.

पैनगंगाकाठचा
ताई, खोकं सापडलं. पोराची आई त्यात सुईदोरा ठेवत होती. वॉरंटी कार्डाखाली पिवळा कागद निघाला. वर कंपनीचं चिन्ह, खाली माझी सही अन् दुकानाचा शिक्का. अक्षर इतकं बारीक की पोरानं फोटो काढून मोठं केलं तेव्हा वाचता आलं. सवलत कंपनीचीच लिहिली आहे. मुदत 18 महिने. अन् पुढं लिहिलं आहे, 'मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास उर्वरित महिन्यांच्या प्रमाणात लाभाची वसुली केली जाईल.'

प्रमाणात म्हणजे काय समजावं?

मोबाईलवाला पुसद
म्हणजे पुरे 4,000 मागायचा त्यांच्याच कागदानं हक्क नाही! 4,000 भागिले 18, महिन्याचे 222 रुपये 22 पैसे. सात महिने झाले, अकरा बाकी. 2,444 होतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट मुदतीचा हिशोबच नसेल, एक बटन दाबलं की पूर्ण रक्कम पडते. मी पाहिलं आहे तसं.

माझं मत इचाराल तर 2,444 अन् भाडं देऊन मोकळे व्हा. पावसाच्या तोंडावर हे भांडण कुठं घेऊन बसता? पेरण्या आहेत.

वऱ्हाडची ताई
आधी बिल दुरुस्त होऊ द्या, मग काय द्यायचं ते ठरवा. दुरुस्तीआधी 2,444 भरले तर ते जमा करून घेतील आणि उरलेल्याचा तगादा चालूच ठेवतील, रोज पाहते. भाड्याबद्दल वाद नाही, तेवढं आजच भरा: 599 आणि त्यावरचा जीएसटी मिळून 707. पावती जपा. बाकीच्यासाठी ईमेलवर मराठीतच लिहा, "भाडे भरले आहे. वसुलीची रक्कम सोबतच्या कागदातील अटीशी जुळत नाही. अटीप्रमाणे हिशोब करून सुधारित बिल द्यावे. वाद मिटेपर्यंत नवीन कंपनीकडे नंबर बंद करण्याची मागणी करू नये." कागदाचा फोटो जोडा. फोनवर कितीही गोड बोलले तरी लेखी उत्तरच मागा.

आणि यूपीसीचा मुद्दा या पत्रात आणू नका, अपिलासाठी राखून ठेवा. पहिल्याच पत्रात दहा मुद्दे टाकले की ते सगळ्यात सोप्याचं उत्तर देतात.

संत्रंबर्फी
ताई, मी परवा पोर्ट करणार होतो. आधी खोकं शोधतो.

पैनगंगाकाठचा
707 भरले. ताईनं लिहिलं तसंच पाठवलं, वाक्याले हात लावला नाही. डॉकेट नंबर आला आहे, चार आठवडे थांबा म्हणतात. आज पुन्हा फोन आला होता, "सर, पूर्ण भरलं तर लेट फी माफ करू." म्हटलं, मेलवर लिहा. त्यानं फोन ठेवला.