'काहीच नाही करत' याला शब्द हवा आहे

शेवंती: एका समाजशास्त्रीय लेखाचा अनुवाद करतेय. १९७०च्या दशकात पॉल कॉरिगन यांनी इंग्लंडातल्या संडरलंडच्या शाळकरी पोरांना विचारलं, संध्याकाळी काय करता? उत्तर, 'नथिंग'. म्हणजे रस्त्यावर घोळक्यानं उभं राहायचं, बोलत बसायचं, मग एखाद्याला दुधाच्या बाटल्या फोडायची टूम सुचायची. बाहेरून रिकामं दिसतं, पोरांच्या लेखी ती संध्याकाळ भरगच्च असते. मी 'उनाडक्या' लिहिलं. संपादकबाईंनी समासात लिहिलं, 'ही शिवी झाली.' खरंय. पण टवाळक्या, चकाट्या, हुंदडणं... शिवी नसलेला एक तरी शब्द?

नाक्यावरचा: टाइमपास. विषय संपला.

शेवंती: तो क्रेग जेफ्रींनी २०१०च्या पुस्तकाच्या नावातच वापरलाय, पण मेरठच्या बेकार पदवीधरांसाठी. तिथं वेळ जाता जात नाही. इथं पुरत नाही.

व्युत्पत्तीवेडा: उन्हात हिंडतो तो उनाड, असा माझा कयास. मग शिवी कसली?

मोडीवाचक: आणि 'ड' काय आभाळातून पडला?

सांगलीकर: आमच्यात आई विचारायची, "कुठं हुतास?" "पारावर." "काय करत हुतास?" "काय न्हाई." जागा सांगितली की काम भागतं, क्रियापद कशाला? पार, कट्टा, नाका.

कावेरी: आणि आम्ही? पारावर मुलगी पाहिलीय का कधी? आम्ही मैत्रिणीकडं 'अभ्यासाला' जायचो. कॉरिगननी मुलींना विचारलंच नाही ना?

शेवंती: नाही. मुली घरात, खोलीत असतात, हे त्याच सुमारास अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी मांडलं.

नाक्यावरचा: शिवी आपण कुठं देतो, पेपरवाले देतात. चार पोरं दिसली की 'टवाळखोरांचा धुडगूस'.

शेवंती: १९६४च्या ईस्टरला इंग्लंडातल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात हेच झालं. थंडी, पाऊस, करायला काही नाही. मॉड (स्कूटरवाले) आणि रॉकर (मोटरसायकलवाले) अशा दोन गटांतल्या पोरांची बाचाबाची, थोडी मोडतोड. पेपरांत मात्र दहशतीचा दिवस! स्टॅनली कोहेन यांनी १९७२मध्ये त्यावरच पुस्तक लिहिलं. पौगंडावस्थेतली मुलं म्हणजे...

मोडीवाचक: थांबा. पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षं. 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि'. पुढं पंधरापर्यंत कैशोर. तुमची पोरं किशोर आहेत.

कावेरी: काका, मराठीत पौगंड म्हटलं की मिसरूड आणि मुरुमंच डोळ्यांसमोर येतात. संस्कृतात काय होतं त्याच्याशी आम्हाला काय?

मोडीवाचक: चूक चारचौघांनी केली की बरोबर होते का?

व्युत्पत्तीवेडा: 'टीन' तेरापासून, आपलं 'रा' अकरापासून. अकरा, बारा... अठरा. 'रावीतली पोरं' म्हणा!

नाक्यावरचा: एकोणीसवाल्याला बाहेर काढलंत की हो.

शेवंती: अनुवाद सोमवारी द्यायचाय. तूर्तास 'नाक्यावर असणं' लिहिते.

मोडीवाचक: नाका हा मुळात जकातीचा. पोरांकडून काय वसूल करणार?