मदत हवी आहे: डोमेनचं डीएनएस स्वतःच्या सर्व्हरवर आणायचंय, पण नेमसर्व्हर ठेवू कुठे?

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम मी बघतो. आमच्या डॉट कॉम डोमेनवर साइट, मेल आणि केळी कापणीच्या नोंदणीचं अ‍ॅप आहे. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव आला की कोणाच्या बागेत कोणती गाडी जाणार ते त्या अ‍ॅपवरच ठरतं. डोमेन उघडलंच नाही तर मजूर बांधावर बसून राहतात आणि कापलेला माल कोणासाठी थांबत नाही. म्हणून आधी विचारून घेतोय.

सध्या डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा; ती उत्तरं देणारे सर्व्हर म्हणजे नेमसर्व्हर) एका होस्टिंगवाल्याकडे आहे. त्याच्या पॅनलमध्ये सीएए रेकॉर्ड (आपल्या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारी नोंद) टाकता येत नाही, टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) ४ तासांखाली जात नाही. रजिस्ट्रेशन आहे तिथेच राहील, फक्त झोन (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींचा संच) आपल्याकडे आणायचा.

डेबियन लिनक्सवर बाइंड ९ हे डीएनएस सॉफ्टवेअर उभं केलंय. रिकर्शन (इतर डोमेनची उत्तरं शोधून देणं) बंद, झोन ट्रान्सफर (पूर्ण झोनची नक्कल देणं) फक्त दुसऱ्या सर्व्हरला आणि टीसिग या गुप्त किल्लीनेच, पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हीवर उघडं. जुना प्रोव्हायडर झोन ट्रान्सफर देत नाही, म्हणून रेकॉर्ड पॅनलवरून उतरवले. डीकेआयएमचे (मेलवरच्या डिजिटल सहीचे) सिलेक्टर, म्हणजे सहीच्या किल्ल्यांची नावं, बाहेरून शोधून सापडत नाहीत. ती यादी मेलवाल्याकडून मागवली. आता जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरना डिग या कमांडने विचारून एकेक उत्तर जुळवतोय.

खरी अडचण जागेची आहे. एक सर्व्हर रावेरच्या ऑफिसात, दुसरा भुसावळच्या गोदामात, दोन्हीकडे वेगळ्या कंपनीचं फायबर आणि स्टॅटिक आयपी. ग्लू रेकॉर्ड (आपल्या नेमसर्व्हरचे आयपी) रजिस्ट्रारकडे नोंदवता येतील. पण मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात तेव्हा विजेचे खांबही पडतात, आणि दोन्ही गावं एकदम अंधारात जातात. नेमकं तेव्हाच शेतकऱ्यांना अ‍ॅप लागतं. सेकंडरी (झोनची नक्कल ठेवणारे नेमसर्व्हर) भौगोलिकदृष्ट्याही दूर असावेत असं आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात १९९७ पासून लिहिलेलं आहे, आणि ते मला पटतं.

म्हणून माझा कल हिडन प्रायमरीकडे, म्हणजे मूळ सर्व्हर जगापासून लपवून ठेवण्याकडे आहे. झोन फाइल रावेरलाच, पण जगाला उत्तर देणारे दोन सेकंडरी पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या सर्व्हरवर. एसओएमध्ये (झोनच्या मुख्य नोंदीत) एक्स्पायर, म्हणजे मूळ सर्व्हरशी संपर्क नसताना सेकंडरीने नक्कल वापरायची मुदत, १४ दिवस ठेवला तर ऑफिस बंद पडलं तरी तेवढे दिवस निभावतं. संचालकांचा प्रश्न असा की बाहेर भाडं भरायचंच तर आपला सर्व्हर कशाला? छोट्या संस्थेत हे कोणी कसं पटवून दिलं?

दुसरं, झोनला डीएनएसएसईसी (डीएनएस उत्तरांवर डिजिटल सही) लागलेलं आहे. आधी डीएस (डॉट कॉमकडे असलेली आपल्या सहीच्या किल्लीची खूण) काढायचा, त्याचा टीटीएल (डॉट कॉममध्ये ८६४०० सेकंद) उलटू द्यायचा, मगच एनएस (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणारे रेकॉर्ड) बदलायचे, आणि सगळं स्थिर झाल्यावर आपल्या किल्लीचा डीएस टाकायचा, असं ठरवलंय. उलट केलं तर सही तपासणारे रिझॉल्व्हर (वापरणाऱ्यांसाठी डीएनएसची उत्तरं शोधणारे सर्व्हर) सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी चूक, देतील. या क्रमात काही सुटतंय का?

आणि डॉट कॉमकडचा एनएसचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे २ दिवस. तो आपल्या हातात नाही. तोवर काही रिझॉल्व्हर जुन्याकडेच जाणार, पण प्रोव्हायडर म्हणतो एनएस बदलले की झोन आपोआप उडतो. असं कोणाला आडवं आलं होतं का? मधल्या वेळेपुरता जुना झोन तिसरीकडे कुठे उभा करून ठेवावा का?

कॉन्फिग फाइल लागल्यास आयपी झाकून इथेच टाकतो.