अंगावरून वारं गेल्याचा संशय, वाडी रस्त्यापासून आत: पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

पाखाडीखालचा:
वाडी डांबरी रस्त्यापासून पंधरा मिनिटं खाली, मधे जांभ्याच्या पायऱ्या. घरात आई, वय 74. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. उद्या अर्धांगाचा झटका आल्याचा संशय आलाच, तर तीन गोष्टी आधी ठरवून ठेवायच्या आहेत. रक्तदाब 200 दिसला तर जिभेखाली गोळी द्यायची का? ॲस्पिरिन द्यायची का? आणि आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, की थेट सीटी स्कॅन असेल तिथे?

सड्यावरची:
पहिल्या दोन्हींना नाही.

झटका गुठळीमुळे आलाय की रक्तस्रावामुळे, हे सीटीशिवाय कोणालाच कळत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक. आणि गुठळी असेल तर बंद पडलेल्या वाहिनीभोवतीचा मेंदू आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर कसाबसा तग धरून असतो. वाढलेला दाब त्यालाच रक्त पोचवत असतो. जिभेखालच्या गोळीने दाब धाडकन उतरला की तो भागही जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला दाब 185/110 च्या खाली लागतो, पण तो रुग्णालयात शिरेतून औषध देऊन, मोजत मोजत उतरवतात.

तपासायला एक मिनिट पुरतं. हसायला सांगा: ओठाचा एक कोपरा खाली राहतो का. डोळे मिटून दोन्ही हात समोर, दहा आकडे: एक हात खाली येतो का. मग एक वाक्य म्हणायला सांगा, पण पुस्तकी नको. घरात मालवणी असेल तर 'उद्या एसटीन कुडाळाक जावचा आसा' हेच. तीनपैकी एक चुकलं तरी 108.

यात न सापडणारे झटकेही असतात: अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गरगरून उलट्या. आपल्याकडे याला पित्त म्हणून कोकम सरबत देतात आणि वेळ जातो. शिवाय उजव्या मेंदूचा झटका असेल तर माणूस 'माका काय्येक झाला नाय' असं ठासून सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच जाणवत नसतं. ऐकू नका.

ड्यूटी_रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर. वेळेबद्दल बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. इंजेक्शनची मुदत साडेचार तास, पण ती 'दिसलं तेव्हापासून' नाही. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री 10 ला झोपले, सकाळी 6 ला हात लुळा दिसला, तर वेळ 10 ची. (अशांनाही न्याच. निवडक रुग्णांत गुठळी नळीने ओढून काढायचा उपाय 24 तासांपर्यंत होतो.) ती वेळ पेनाने रुग्णाच्या हातावर लिहा.

मधुमेह आहे म्हणून ग्लुकोमीटर लावा. साखर 70 च्या खाली गेली तरी हुबेहूब झटक्यासारखं दिसतं. आकडा 108 वाल्यांना सांगा. तोंड वाकडं असताना साखर-पाणी तोंडाने देऊ नका. गिळणं बिघडलेलं असतं, घोट फुप्फुसात जातो. कवळी काढून ठेवा. गुंगी किंवा उलटी असेल तर कुशीवर.

पातळ रक्ताच्या गोळीची पट्टी सोबत घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा. त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ठरतं. वजनही माहीत असू दे, डोस किलोवर असतो. आधार आणि रेशनकार्ड त्याच पिशवीत.

पाखाडीखालचा:
आणि पायऱ्या? 108 खाली येणार नाही.

सड्यावरची:
फोन केल्याबरोबर वर न्यायला लागा, गाडीची वाट बघत घरात थांबू नका. एक माणूस आधीच एसटी थांब्यावर, बॅटरी घेऊन. खाली रेंज नसेल तर फोनही तिथूनच.

शुद्धीत असेल तर हाताची प्लास्टिक खुर्ची, छातीशी आणि कमरेशी चादरीने बांधून, चौघांनी. लुळा हात मांडीवर बांधा. लोंबकळला किंवा कोणी धरून ओढला तर खांदा निखळतो. गुंगी असेल तर खुर्ची नको, घोंगडीची झोळी, कुशीवर. पावसात शेवाळावर घाई केलीत तर रुग्ण दोन होतील. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेणं तर नकोच.

ड्यूटी_रात्रपाळी:
तिसरा प्रश्न राहिला. श्वास अडत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर जवळचं रुग्णालय. नाहीतर सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असतील तिथेच. आजच फोन करून विचारा: सीटी रात्री चालू असतो का, वाचणारा डॉक्टर मिळतो का, इंजेक्शन साठ्यात असतं का. 'सीटी आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. तळकोकणातून बांबोळी (गोव्याचं सरकारी मोठं रुग्णालय) की घाट चढून कोल्हापूर, हेही पावसाळ्यासाठी वेगळं ठरवा. दरड आली की घाट बंद.

आणि एक. इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून नातेवाइकांची संमती घेतात. सोबत गेलेला 'मुंबयच्या भावाक इचारतंय' म्हणत बसला की अर्धा तास गेला. सही कोण करणार, हे चाकरमानी गणपतीला घरी येतील तेव्हाच बोलून घ्या.

खाजणकाठ:
सुईने बोटं टोचून रक्त काढायचा व्हॉट्सॲपवरचा निरोप आईच्या फोनमध्ये असेलच. पुसून टाका. तेल चोळणंही नको. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका यायचा धोका तेव्हाच जास्त असतो.