३८व्या वर्षी नर्सिंग: १५ महिन्यांचा कोर्स की काउंटी कॉलेज?

रेवा:
अकरा वर्षं न्यू जर्सीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. मार्चमध्ये नोकरी गेली आणि पुन्हा त्याच रांगेत उभं राहायची इच्छा उरलेली नाही. कोल्हापूरची मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आहे, ग्रीन कार्ड आहे, मुलगा चौथीत आहे.

नर्सिंग मनात आलं ते सासऱ्यांच्या आजारपणात. मॉनिटरवर श्वासाचा आकडा दिसत होता, तरी रात्रपाळीच्या नर्सने त्यांच्या छातीवर हलकेच हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग काही न बोलता फोन उचलला. थोड्याच वेळात खोलीत पाच माणसं होती. मॉनिटर तोवर गप्पच होता. ते काम मला शिकायचंय.

दुसऱ्या विषयातली पदवी असेल तर इथे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स डिग्री कमी वेळात, करता येतं, साधारण ११ ते १८ महिन्यांचं. मी बघितलेला कोर्स १५ महिन्यांचा, फी ६२ हजार डॉलर. काउंटी कॉलेजची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजची, असोसिएट डिग्री दोन वर्षांची आणि खर्च त्याच्या निम्म्याहून खूपच कमी. शेवटची परीक्षा दोघांनाही एकच, एनक्लेक्स-आरएन, म्हणजे आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) लायसन्सची. माझं मत असं की या वयात वेळ पैशापेक्षा महाग आहे, म्हणून १५ महिन्यांचाच घ्यावा. चुकत असेन तर कारणासकट सांगा.

नाइटड्यूटी:
चुकताय असं वाटतं. मी १४ वर्षं मेड-सर्ज वॉर्डात (साधे आजार आणि ऑपरेशनचे पेशंट) आहे, नव्या नर्सेसना हाताखाली घेऊन तयार करते. आधी त्या १५ महिन्यांचा हिशोब. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, न्यूट्रिशन हे सगळं त्याच्या आधी करावं लागतं. तुमची मायक्रो पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. सायन्सचे विषय पाच-सात वर्षांहून जुने असले तर बरीच कॉलेजं धरत नाहीत. भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन वेगळंच. वर्ष तिथेच जातं.

आणि घाईत हात बसत नाही. अशाच कोर्समधून आलेल्या एका हुशार मुलाने साखर तपासली, जेवणाआधीचं इन्सुलिन अचूक काढलं, दुसऱ्या नर्सकडून पडताळूनही घेतलं. टोचणार इतक्यात मी विचारलं, जेवणाचा ट्रे आलाय का? आला नव्हता. पुस्तकातलं सगळं त्याला येत होतं.

चाफा:
ताई, तो ट्रे दोन वर्षांच्या कोर्समधून आलेल्यालाही पहिल्या महिन्यात आठवला नसता. ते वॉर्डातच अंगवळणी पडतं, तुमच्यासारखं कुणीतरी शेजारी उभं असलं की. मी ४१व्या वर्षी, बँकेतली नोकरी सोडून हाच कोर्स केला. आमचे क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाचे, तास चार वर्षांच्या बीएसएनवाल्यांइतकेच होते, फक्त उन्हाळ्याची सुट्टी नव्हती. आणि सायन्सचे विषय काउंटी कॉलेजलाही लागतातच. आमच्या भागात तर वर त्यांची वेटिंग लिस्ट होती.

बीएसएनचाही विचार करा. न्यूयॉर्कने २०१७ साली कायदा केला की नव्या आरएनने लायसन्सनंतर १० वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. नदीपलीकडे नोकरी धरायची असेल तर आज ना उद्या ते करावंच लागेल.

घराबद्दल मात्र खरं सांगते. त्या काळात मी घरात पाहुणी होते. पावणेसातला वॉर्डात हजर, म्हणजे पाचला उठणं. मुलीच्या गॅदरिंगला गेले नाही, ते अजून सलतं.

नाइटड्यूटी:
बीएसएन नंतर ऑनलाइन होतं, आणि अनेक हॉस्पिटलं त्याच्या फीचा काही भाग देतात. मीही तसंच केलं. मला काळजी कर्जाची आहे. एक पदवी आधीच असल्याने पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळणार नाही. सरकारी कर्ज दुसऱ्या बॅचलर्सला वर्षाला १२,५०० डॉलरच्या वर जात नाही. उरलेलं खासगी बँकेचं, त्यांच्या व्याजाने. मे २०२४चा आकडा सगळे दाखवतात, आरएनचा मधला पगार ९३,६०० डॉलर. पण अर्ध्या नर्सना त्याहून कमी मिळतं आणि नवी नर्स बहुधा त्या अर्ध्यातच असते.

डोक्यावर एवढं कर्ज असलं की वाईट वॉर्ड सोडता येत नाही. २०२३ साली न्यू ब्रन्सविकला रॉबर्ट वुड जॉन्सन हॉस्पिटलच्या सुमारे १७०० नर्सेस ऑगस्टपासून चार महिने संपावर होत्या. मुख्य मागणी एकाच गोष्टीची, एका नर्सकडे पेशंट किती. कॅलिफोर्नियात मेड-सर्जला ती मर्यादा पाचाची, कायद्याने. आपल्याकडे न्यू जर्सीत तसा कायदा नाही. हप्ते डोक्यावर असलेली बाई सातवा पेशंटही निमूट घेते. मी बघितलंय.

कऱ्हाडकर:
रेवाताईंना ग्रीन कार्ड आहे, पण इथे एच-४ वाल्याही (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या) वाचत असतील म्हणून लिहितो. एच-४ वर शिकता येतं, नोकरीला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं. नर्सला एच-१बी सहसा मिळत नाही, कारण आरएन व्हायला बॅचलर्सची अट नाही. ग्रीन कार्डासाठी लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला इथला माणूस मिळत नाही असा कामगार खात्याचा दाखला) माफ आहे, भारतीयांची रांग मात्र माफ नाही. आम्ही हे फी भरल्यावर शिकलो.

सई:
पुण्यात असं काही आहे का? माझं बी.कॉम. झालंय.

चाफा:
सई, नाही गं. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचंच, आणि बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी लागतं. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक आहे, पण ते जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांना.

रेवा:
सगळं दोनदा वाचलं. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागाला काउंटी कॉलेजात नाव घातलं, तो दोन्हीकडे चालतो. सोबत नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट करून शनिवार-रविवार नर्सिंग होममध्ये काम करीन. १५ महिन्यांच्या कोर्सचं माझं मत अजून तेच आहे, पण फी भरायच्या आधी सहा महिने तरी वॉर्ड बघून घेते.

नाइटड्यूटी:
हे चांगलं केलंत. त्या कॉलेजला फोन कराल तेव्हा एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात किती पास होतात ते ते आपणहून सांगतील. तुम्ही विचारा, पहिल्या दिवशी वर्गात किती जण होते आणि परीक्षेला किती बसले.